पायाला बांधलेली चिठ्ठी

वॉशिंग्टन ते शहादा हे अंतर साधारण १३,००० किलोमीटर भरतं. १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये तीन अमेरिकन माणसं एका वीतभर घुबडासाठी भारतात आली. पामेला रासमुसेन वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत पक्ष्यांवर काम करायच्या. बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे त्यांचे सोबती. शहादा म्हणजे पपई, केळी आणि ऊस. परदेशी पाहुणा वाट चुकूनही तिकडे जायचा नाही. आज हा तालुका नंदुरबार जिल्ह्यात आहे, पण तेव्हा तो धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा व्हायला अजून सात महिने बाकी होते.

ज्या पक्ष्यासाठी ही मंडळी आली, त्याचा शेवटचा खात्रीचा पुरावा होता १८८४ सालचा. मधे ११३ वर्षं गेली होती. त्याचा आवाज कसा असतो हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं, कारण आवाजाचं रेकॉर्डिंगच नव्हतं. जिवंत पक्ष्याचा खात्रीलायक फोटो नव्हता. जगभरच्या संग्रहालयांतले खात्रीचे नमुने मोजले तर अवघे सात. बहुतेक जाणकारांनी तो पक्षी संपला असं धरूनच चाललं होतं.

२५ नोव्हेंबरच्या सकाळी, सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळच्या रानात बेन किंग यांना एका पानं झडलेल्या झाडावर छोटंसं घुबड बसलेलं दिसलं. भर उजेडात, अगदी समोर. आपल्या नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. याचं डोकं जवळपास कोरं होतं. शेपटीवर रुंद पट्टे होते, पाय दणकट आणि पांढऱ्या पिसांनी भरलेले होते. रानपिंगळा जिवंत होता. त्याचं शूटिंग झालं, फोटो निघाले आणि पुढच्या वर्षी शोधनिबंध आला.

ही बातमी तुम्ही कुठे ना कुठे वाचली असेल. मला मात्र तिच्या आधीच्या भागात जास्त रस आहे. एवढ्या मोठ्या देशात नेमकं शहाद्याला जायचं, हे त्यांना कुणी सांगितलं? उत्तर थोडक्यात असं: मेलेल्या पक्ष्यांच्या पायांना बांधलेल्या चिठ्ठ्यांनी. आणि त्यांतली एक चिठ्ठी खोटी होती.

सात नमुने

कॅमेरे आणि दुर्बिणी आजच्यासारख्या नव्हत्या, तेव्हा पक्षी अभ्यासायचा म्हणजे तो मारायचा. आतलं मांस काढायचं, कातडं आणि पिसं ठेवायची, आत कापूस भरायचा, पोट शिवायचं आणि पक्षी उताणा ठेवून वाळवायचा. शेवटी पायाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर तारीख, गाव आणि मारणाऱ्याचं नाव. पक्षी राहतो संग्रहालयाच्या कपाटात, पण तो कुठल्या मातीतला हे फक्त त्या कागदाच्या तुकड्याला माहीत असतं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या भाषेत सांगायचं तर पक्षी म्हणजे फाइल आणि चिठ्ठी म्हणजे मेटाडेटा. चिठ्ठी तुटली तर हातात उरतात नुसती सुंदर पिसं.

रानपिंगळ्याचा पहिला नमुना डिसेंबर १८७२ मधला. एफ. आर. ब्लुइट नावाच्या इंग्रजाने तो मध्य प्रांतात बसना-फुलझर भागात मिळवला. हा भाग आज छत्तीसगडच्या महासमुंद जिल्ह्यात येतो. ब्लुइटने पक्षी पाठवला अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडे. हे ह्यूम आपल्याला शाळेत भेटलेले असतात ते वेगळ्याच धड्यात: १८८५ साली मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं, त्यामागचे ते इंग्रज गृहस्थ. त्याआधीची कित्येक वर्षं त्यांचा जीव पक्ष्यांत गुंतला होता. देशभर पसरलेले कलेक्टर, डॉक्टर, इंजिनिअर, फौजी अधिकारी त्यांना पक्षी आणि टिपणं पाठवत, आणि ते 'स्ट्रे फेदर्स' नावाच्या आपल्या नियतकालिकात छापत. १८७३ साली ह्यूम यांनी या घुबडाचं शास्त्रीय वर्णन केलं आणि ब्लुइटचं नाव त्याला दिलं.

दुसरा नमुना १८७७ चा. व्हॅलेंटाइन बॉल हा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातला माणूस दगड-कोळसा शोधत हिंडायचा. त्याला हे घुबड खरियारच्या बाजूला, उदंती नदीजवळ मिळालं. आज तिथे छत्तीसगड आणि ओडिशाची हद्द आहे.

आणि मग खान्देश. जेम्स डेव्हिडसन हा मुंबई इलाख्यातला मुलकी अधिकारी १८८० च्या सुमारास पश्चिम खान्देशात होता. तळोदा आणि शहाद्याच्या रानांत त्याला रानपिंगळे मिळाले, तेही एकापेक्षा जास्त. पश्चिम खान्देशातल्या पक्ष्यांची त्याने केलेली यादी 'स्ट्रे फेदर्स'मध्ये आली. म्हणजे सातांतले बरेचसे नमुने एकट्या आपल्या तापीकाठच्या पट्ट्यातले होते. ही गोष्ट लक्षात ठेवा.

नोंदवही बंद पडली

१८८४ नंतर या पक्ष्याचा खरा पुरावा नाही. पक्षी अचानक कुठे गेला?

इथे पक्ष्यापेक्षा माणसांकडे बघावं लागतं. १८८० च्या दशकात ह्यूम यांच्या सिमल्याच्या घरातून त्यांची हस्तलिखितं गेली. पंचवीस वर्षांची टिपणं, भारतातल्या पक्ष्यांवर लिहायच्या मोठ्या ग्रंथाचा कच्चा मसुदा. नोकराने ती सगळी बाजारात रद्दीच्या भावात विकून टाकली होती. ह्यूम यांचा त्या कामावरून जीवच उडाला. १८८५ मध्ये त्यांनी आपला अफाट संग्रह, सुमारे ८०,००० नमुन्यांचा, लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला आणि ते राजकारणाकडे वळले. ज्या एका माणसामुळे देशभरचे हौशी लोक पक्षी टिपत होते, तो माणूसच बाजूला झाला. डेव्हिडसनही यथावकाश खान्देशातून बदलून गेला. त्याच्या जागी आलेल्या साहेबांना घुबडांत रस असेलच असं नाही.

सर्व्हरवर रात्रभर एकही एरर दिसली नाही, म्हणून सकाळी खूश व्हायचं नसतं. आधी लॉगिंग चालू होतं का ते बघायचं असतं. हा धडा आमच्या धंद्यात पहिल्या वर्षीच मिळतो. रानपिंगळ्याच्या बाबतीत १८८४ नंतर मुख्यतः बंद पडली ती नोंदवही. 'कुणी पाहिला नाही' या वाक्याचा अर्थ पुढची शंभर वर्षं 'तो नाही' असा लावला गेला. सातपुड्यात त्याच काळात भिल्ल, पावरा आणि पूर्वेकडे कोरकू माणसं राहत होती, गुरं चारत होती, मोहाची फुलं वेचत होती. त्यांच्या डोक्यावरच्या फांदीवर घुबड बसत असणार. त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांच्याकडे 'स्ट्रे फेदर्स'चा अंक नव्हता.

मांडवीची चिठ्ठी

आता या गोष्टीतला खलनायक. रिचर्ड माइनर्ट्‌झहागन, ब्रिटिश फौजेतला कर्नल. १८७८ चा जन्म, १९६७ ला मृत्यू. पहिल्या महायुद्धातला हेर म्हणून त्याच्या दंतकथा होत्या. आफ्रिकेतल्या एका मोठ्या रानडुकराला त्याचं नाव आहे. पक्ष्यांवर त्याने जाडजूड पुस्तकं लिहिली. १९३७ मध्ये आपले सालिम अली त्याच्याबरोबर अफगाणिस्तानच्या मोहिमेवर गेले होते. सुमारे २०,००० पक्ष्यांचा संग्रह त्याने १९५४ मध्ये ब्रिटिश म्युझियमला भेट दिला. एवढ्या वजनाच्या माणसावर संशय कोण घेणार?

त्याच्या संग्रहात एक रानपिंगळा होता. पायाच्या चिठ्ठीवर ऑक्टोबर १९१४ ची तारीख आणि गाव मांडवी. हे मांडवी म्हणजे कच्छमधलं बंदर नव्हे. तापीच्या काठचं, आजच्या सुरत जिल्ह्यातलं. ही एक चिठ्ठी मान्य केली की दोन गोष्टी बदलत होत्या. पक्षी १८८४ नंतरही तीस वर्षं दिसत होता असं ठरत होतं. आणि 'शेवटचा कुठे दिसला' या प्रश्नाचं उत्तर सातपुड्याच्या पायथ्यावरून सरकून गुजरातेत जात होतं.

हरवलेली वस्तू आपण कुठे शोधतो? शेवटची जिथे पाहिली तिथे. पक्षी शोधणारेही तेच करणार. मांडवीच्या बाजूला शोध झाले आणि हाती काही लागलं नाही. स्मिथसोनियनचे प्रमुख डिलन रिप्ली आणि सालिम अली यांच्यासारख्या मातब्बरांनाही हे घुबड सापडलं नव्हतं. मधे १९६८ सालचा एक फोटो रानपिंगळ्याचा म्हणून मिरवला गेला. नंतर नीट पाहिल्यावर तो साध्या पिंगळ्याचा निघाला.

शिवण

या कर्नलसाहेबांबद्दल कुजबुज मात्र जुनी होती. १९१९ मध्ये परवानगी न घेता नमुने बाहेर नेल्यावरून संग्रहालयाच्या पक्षी विभागात त्याला दीड वर्ष बंदी होती. नंतर बंदी उठली आणि कुजबुज कुजबुजच राहिली. १९९३ मध्ये अ‍ॅलन नॉक्स या शास्त्रज्ञाने त्याच्या काही नमुन्यांची बारकाईने तपासणी करून सांगितलं की यांच्या चिठ्ठ्या खोट्या आहेत.

रासमुसेन तेव्हा रिप्लींनी सुरू केलेल्या दक्षिण आशियाच्या पक्ष्यांवरच्या पुस्तकाचं काम करत होत्या. कुठला पक्षी कुठे आढळतो याचे नकाशे काढायचे तर जुन्या नमुन्यांवर विसंबावं लागतं. त्यात माइनर्ट्‌झहागनच्या नोंदी जागोजागी खटकत होत्या. एखादा पक्षी भलत्याच ऋतूत, भलत्याच डोंगरावर, आणि पुरावा फक्त याच एका माणसाचा. इंग्लंडमधल्या ट्रिंग इथे, जिथे आता हा संग्रह ठेवलेला आहे, तिथल्या रॉबर्ट प्रिस-जोन्स यांच्यासोबत त्यांनी शेकडो नमुने तपासले. रानपिंगळ्यावर त्यांनी नायजेल कॉलर यांच्याबरोबर काम केलं.

तपासणीची युक्ती मला फार आवडते. पक्षी भरून शिवायची प्रत्येकाची आपली पद्धत असते, अक्षरासारखी. कुणी कापूस अमुक ठिकाणी जास्त कोंबतो, कुणी टाके लांब घालतो, कुणी पंखाचं हाड वेगळ्या तऱ्हेने साफ करतो. गोधडी बघून कुणाच्या हातची ते सांगणाऱ्या बायका आपल्याकडे असतात, तसंच हे. मांडवीच्या पिंगळ्याचे एक्स-रे काढले, टाके पाहिले, आतलं भरण पाहिलं. पक्षी दोनदा भरलेला होता. एकदा कुणीतरी, आणि पुन्हा उसवून दुसऱ्या कुणीतरी. पहिल्या हाताच्या ज्या खुणा आत उरल्या होत्या, त्या जेम्स डेव्हिडसनच्या हाताच्या होत्या.

म्हणजे झालं असं होतं: डेव्हिडसनने १८८० च्या दशकात आपल्या खान्देशात मिळवलेला पक्षी संग्रहालयातून चोरीला गेला. त्याची खरी चिठ्ठी काढून टाकली गेली. पक्षी उसवून नव्याने भरला, नवी चिठ्ठी बांधली आणि तोच पक्षी वर्षांनंतर त्याच संग्रहालयाला भेट म्हणून परत आला. रासमुसेन आणि कॉलर यांचा हा निबंध १९९९ मध्ये 'आयबिस' या नियतकालिकात आला.

या चोरीत दोन गुन्हे आहेत आणि आपलं लक्ष फक्त एकाकडे जातं. एक खोटी नोंद घातली गेली, हे उघड दिसतं. पण त्यासाठी एक खरी नोंद पुसावी लागली. मांडवीचं नाव यादीत आलं ते खान्देशातला एक पुरावा खोडून. शहादा-तळोद्याचं वजन तेवढ्यानेच कमी झालं.

यादीतून एक ओळ वजा

१९९७ चा प्रवास सुरू व्हायच्या आधीच मांडवी हिशेबातून बाद झाली होती. १९६८ चा फोटो बाद झाला होता. जुन्या पुस्तकांतली, पुराव्याशिवायची 'दिसला होता म्हणतात' छापाची वाक्यं बाद झाली होती. उरले फक्त खरे नमुने आणि त्यांच्यावरची तीन-चार गावं. नवं यंत्र नव्हतं, उपग्रह नव्हता. यादी लहान झाली, एवढंच.

मंडळी आधी पूर्वेला गेली, ब्लुइट आणि बॉल यांच्या मुलखात. शंभर वर्षांत तिथलं जुनं रान बरंच तुटून शेती आली होती. पिंगळे भरपूर, पण सगळे डोक्यावर ठिपकेवाले. मग पश्चिमेची वाट. फुलझर ते शहादा हे अंतर जवळपास १,००० किलोमीटर. बसना, रायपूर, नागपूर आणि धुळे ही गावं जुन्या राष्ट्रीय महामार्ग ६ वर येतात. आता त्याचा क्रमांक ५३ आहे. तोच रस्ता पुढे सुरतेकडे, मांडवीच्या दिशेला जातो. नकाशावर बोट ठेवून हा रस्ता एकदा बघाच. ब्लुइटचं रान एका टोकाला, कर्नलची थाप जवळजवळ दुसऱ्या टोकाला, आणि मधे धुळ्यापासून थोडं उत्तरेला ते झाड.

चिठ्ठीवरची गावं शोधणं हेही सोपं नसतं. इंग्रजांनी कानाला जसं ऐकू आलं तसं नाव लिहिलं. शिवाय पत्ता बदलत राहतो. डेव्हिडसनचा खान्देश १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असा विभागला, पुढे पश्चिम खान्देशाचा धुळे जिल्हा झाला, त्यातून १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा निघाला. ब्लुइटचा मध्य प्रांत आधी मध्य प्रदेश झाला आणि २००० मध्ये छत्तीसगड. घुबड आपल्या जागी बसून आहे आणि त्याचा पत्ता दर पन्नास वर्षांनी नवा.

आजोळचं घुबड

या सगळ्यात मी कुठे बसतो ते सांगतो. माझं आजोळ शहादा तालुक्यातलं. रानपिंगळा परत सापडला त्याच वर्षीचा माझा जन्म. दर मे महिन्यात आम्ही भावंडं तिथे असायचो. गच्चीवर झोपलं की पहाटे उत्तरेला सातपुडा निळसर दिसायचा. तोरणमाळला सहल गेलेली आठवते. तरी या पक्ष्याचं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते पुण्यात, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, हॉस्टेलच्या वायफायवर आणि इंग्रजीत. त्यात 'शहादा' हा शब्द दिसल्यावर मी तीनदा वाचला.

मामांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, घुबडं का कमी आहेत आपल्याकडे? बांधावरच्या झाडावर बसलेलं असतं की." कुठलं घुबड, ठिपक्यांचं की कोऱ्या डोक्याचं, हे त्यांना सांगता येईना आणि मलाही नेमकं विचारता येईना. दोन्ही पक्षी आकाराने सारखेच. फरक कळायला आधी फरक आहे हे माहीत असावं लागतं.

घुबडाकडे आपण निवांत बघत नाही, हाही एक भाग आहे. आपल्या भाषेत 'पिंगळा' हा पक्षीही आहे आणि पहाटे दारात येऊन भविष्य सांगणारा माणूसही. घुबड ओरडलं की कुणीतरी जाणार, असं अजून बोललं जातं. ज्याला दगड मारून हाकलायचं, त्याच्या डोक्यावरचे ठिपके कोण मोजणार? करणी आणि गुप्तधनाच्या नादात आजही घुबडं पकडली आणि मारली जातात. रानपिंगळा तर दिवसा उघड्या फांदीवर बसतो, सरडे आणि उंदीर टिपतो. ज्याला लपता येत नाही त्याला हे जास्त महाग पडतं.

मी तो पाहिला मेळघाटात. पुण्याहून रात्रीच्या बसने अमरावती, तिथून परतवाडा आणि मग घाट चढून जंगल, असा सुमारे सातशे किलोमीटरचा प्रवास. दोन दिवसांत एकूण चार मिनिटं दर्शन. सागाच्या वाळक्या फांदीवर तो शेपटी डावी-उजवीकडे झटकत बसला होता. आमच्याबरोबरचा वनविभागाचा कोरकू वाटाड्या माझ्या आधी तीस सेकंद त्याच्याकडे बघत उभा होता. त्याने मला बोटाने दाखवलंही नाही, मी आपोआप बघेन म्हणून थांबला.

सापडल्यानंतर

१९९७ नंतर नोंदवही पुन्हा उघडली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक यांनी पुढची काही वर्षं या पक्ष्याचा अभ्यास केला. रासमुसेन आणि इश्तियाक यांनी त्याच्या आवाजांचं वर्णन १९९९ मध्ये छापलं. सव्वाशे वर्षांत पहिल्यांदा तो कसा बोलतो हे कागदावर आलं. आवाज कळल्यावर शोध सोपा झाला. सातपुड्यात आणखी ठिकाणी, मध्य प्रदेशात, आणि मुख्य म्हणजे मेळघाटात तो सापडत गेला. २०१४ मध्ये तो ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यात दिसला. तानसाचं पाणी मुंबई १८९२ पासून पितेय. मुंबईपासून साधारण शंभर किलोमीटरवर हे घुबड बसलेलं होतं आणि आपण त्याला नामशेष म्हणत होतो.

मग गुजरातेत, डांगच्या पूर्णा अभयारण्यातही तो आढळला. इथे थोडं थांबायला हवं, कारण डांग मांडवीपासून फार लांब नाही. म्हणजे त्या बाजूला पक्षी होताच की! मग कर्नलची चिठ्ठी खोटी असून बिघडलं काय?

हा प्रश्न माझ्या एका मित्राने खरोखर विचारला होता आणि त्यावर मी बराच विचार केलाय. परीक्षेत उत्तर शेजाऱ्याचं बघून लिहिलं आणि ते बरोबर निघालं, तर मार्क मिळतील. पण त्या कागदावरून तुम्हाला काय येतं हे कुणालाच कळणार नाही. खोटी नोंद योगायोगाने खऱ्याच्या जवळ गेली तरी तिच्यात माहिती शून्य असते. डांगमधला पक्षी सापडला तो कुणीतरी तिथे जाऊन, बघून, फोटो काढून आल्यामुळे. मांडवीच्या चिठ्ठीचा त्यात काडीचा वाटा नाही. उलट त्या चिठ्ठीच्या नादात जी वर्षं सातपुड्यात घालवायला हवी होती, ती दुसरीकडे गेली. आणि ती वर्षं फुकट गेली असं तरी कसं म्हणायचं? त्या काळात सातपुड्याच्या पायथ्याचं किती रान तुटलं, त्यात किती घरटी गेली, याचा हिशेब आता कुणाकडूनच मिळणार नाही. पक्षी तिथे आहे हे माहीत असतं तर ते रान वाचवायला एक कारण मिळालं असतं. वनखात्याच्या फाइलीत, धरणाच्या आराखड्यात, कोर्टात, सगळीकडे आधी एकच विचारतात: पुरावा काय?

२०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय यादीत रानपिंगळ्याची 'अतिसंकटग्रस्त' ही श्रेणी बदलून 'संकटग्रस्त' झाली. याचा अर्थ तो वाढला असा घाईने लावू नका. जास्त माणसांनी जास्त ठिकाणी नीट पाहिलं, हे त्याचं मोठं कारण आहे. प्रौढ पक्षी आजही हजाराच्या आतच असावेत असा अंदाज आहे. जगात तो फक्त मध्य भारताच्या या पट्ट्यात आहे, बाकी कुठेही नाही.

आता चिठ्ठी आपल्या हातात आहे

दुर्मीळ पक्ष्यासाठी लांबचा प्रवास आता आपल्यातले बरेच जण करतात. शनिवारी रात्री निघायचं, सोमवारी सकाळी स्टँडअपला हजर. हातात कॅमेरा आणि फोनमध्ये ई-बर्ड. ह्यूम यांच्या वेळी जे काम मूठभर साहेब करत होते, ते आज हजारो पोरं-पोरी करतात, आणि पक्षी न मारता करतात. ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

पण चिठ्ठी अजून तीच आहे. तारीख, ठिकाण, कोणी पाहिला, किती पाहिले. फक्त दोऱ्याऐवजी ती आता सर्व्हरला बांधलेली असते. आणि खोटं लिहायचे मोहही आहेत. कुणी दुसऱ्याने दाखवलेला पक्षी आपल्या यादीत घुसवतो. कुणी लांबून दिसलेल्या साध्या पिंगळ्याला रानपिंगळा म्हणून टाकतो, कारण एवढ्या लांब जाऊन रिकाम्या हाताने परतणं जिवावर येतं. कुणी आवाज वाजवून-वाजवून पक्ष्याला फांदीवर खेचतो, फोटो काढतो आणि खाली 'सहज दिसला' असं लिहितो. हीही एक प्रकारची मांडवीची चिठ्ठीच. पुढचा माणूस तिच्यावर विसंबून पक्ष्याच्या वागण्याबद्दल चुकीचं काहीतरी शिकतो, आणि घरट्याजवळ वारंवार वाजलेल्या आवाजाने पक्ष्याची शिकारीची वेळ जाते ती वेगळीच.

ठिकाण लपवण्याची गोष्ट निराळी. घरट्याची नेमकी जागा जगजाहीर केली तर तिथे गर्दी होते, पकडणारेही पोचतात. म्हणून काही संवेदनशील पक्ष्यांची नेमकी जागा ई-बर्डसुद्धा झाकून ठेवतं. पण झाकलेली खरी नोंद आणि उघडी खोटी नोंद यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिली कुलपात असली तरी गरज पडल्यावर काढता येते.

त्यामुळे कधी मेळघाटात, तोरणमाळला किंवा तानसाला गेलात आणि घुबड दिसलं, तर आधी डोकं बघा. ठिपके असतील तर पिंगळा लिहा. ठिपके नसतील, शेपटीचे पट्टे रुंद असतील, तर रानपिंगळा लिहा, वेळ आणि संख्या टाका. नीट दिसलं नसेल तर तसंच लिहा, अ‍ॅपमध्ये 'पिंगळ्यासारखं घुबड' म्हणायचीही सोय असते. आणि दिवसभर फिरून काहीच दिसलं नाही तरी यादी भरा: अमुक रानात, अमुक तास, रानपिंगळा नाही. डेव्हिडसननंतर तळोद्यात कुणी एवढं जरी दरवर्षी लिहून ठेवलं असतं, तर १३,००० किलोमीटरवरून कुणाला येऊन आपल्याला सांगावं लागलं नसतं.

मामांना मी गेल्या दिवाळीत दोन्ही घुबडांचे फोटो शेजारी-शेजारी लावून पाठवलेत. त्यांनी ते गावातल्या गुराख्यांच्या ग्रुपवर टाकले. आतापर्यंत सहा फोटो परत आलेत. सहाही ठिपकेवाले. मी सहाही नोंदवलेत.